हातापायाला मुंग्या का येतात आणि आल्या की नेमकं काय करायचं

रात्री अडीच-तीनला जाग यायची आणि डावा हात आपला वाटायचाच नाही, असं मला दोन वर्षांपूर्वी सलग काही आठवडे होत होतं. उजव्या हाताने डावा हात उचलून बाजूला ठेवावा लागायचा, ओंडका उचलल्यासारखा, मग दोनेक मिनिटांनी झिणझिण्या सुरू व्हायच्या आणि हळूहळू हात परत यायचा. डावा हात म्हटल्यावर डोक्यात पहिलं हार्टच येतं, त्यामुळे ईसीजी काढून झाला, तो नॉर्मल आला, मग कोणीतरी म्हणालं बी१२ कमी असेल म्हणून गोळ्या सुरू केल्या, कोणी म्हणालं सर्क्युलेशन बिघडलंय, मालिश कर. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी एकच प्रश्न विचारला, कुठली बोटं? आणि मला सांगता येईना. "पूर्ण हात" म्हणालो. ते म्हणाले पूर्ण हात सहसा नसतो हो, आज रात्री जाग आली की पेन घ्या, बधीर भागाच्या कडेने रेघ मारा आणि ती रेघ घेऊन या.

त्या रेघेने सगळं उलगडलं, ते पुढे येईलच. पण तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मुंग्या आल्या की गोळी शोधायच्या आधी जागा शोधायची. कुठे आल्या, कशाने आल्या, किती वेळ टिकल्या, एवढं नीट सांगता आलं तर डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं.

आधी हे वाचा, यात थांबून चालत नाही

बहुतेक वेळा मुंग्या साध्याच असतात. पण खालच्यापैकी काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

एका क्षणी माणूस ठीक आणि पुढच्या क्षणी शरीराची एकच बाजू बधीर, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं अडखळतंय, हात वर धरला की आपोआप खाली येतोय, तर तो स्ट्रोक असू शकतो. हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एखादं साधं वाक्य बोलायला सांगा आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास मोजतात माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता तिथपासून. दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी दाखवायचंच, "गेलं ना आता" म्हणून घरी बसायचं नाही, कारण तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

हाताच्या मुंग्यांबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर तेही इमर्जन्सीच. कंबर दुखत असताना दोन्ही मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधीर झाला किंवा लघवी अडकली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा जुडगा दबलेला असू शकतो आणि तिथे सकाळपर्यंत वाट बघितली तर कायमचं नुकसान होऊ शकतं. पायांपासून सुरू होऊन काही दिवसांत वर वर चढणारी बधिरता, सोबत पायातली ताकद कमी होत चाललीय, आणि मागच्या काही आठवड्यांत ताप, सर्दी किंवा जुलाब झाले होते, तर गियाँ-बारे सिंड्रोम (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार) तपासावा लागतो, तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. हात किंवा पाय अचानक गार, पांढराफटक आणि प्रचंड दुखरा झाला तर रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते. प्लास्टर घातलेल्या हाताची बोटं बधीर व्हायला लागली आणि दुखणं वाढतच चाललं तर प्लास्टर घट्ट झालंय, रात्र काढू नका.

नस म्हणजे नेमकी कुठली नस

आपल्या बोलण्यात एक मोठा घोळ आहे. रक्ताची वाहिनी असो नाहीतर मेंदूकडे निरोप नेणारा मज्जातंतू असो, आपण दोघांना नस किंवा शीरच म्हणतो, त्यामुळे "नस दबली" म्हटलं की समोरच्याला वाटतं रक्त अडलं. पाय झोपतो तेव्हा पायातलं रक्त बंद झालेलं नसतं, बघा ना, झोपलेला पाय पांढरा नसतो, गारही पडत नाही. दबलेली असते ती निरोप नेणारी नस, आणि त्या नसेला स्वतःला जगायला ज्या बारीक केसांसारख्या रक्तवाहिन्या असतात त्या तेवढ्या जागी चिमटल्या जातात. १९३१ साली लंडनमध्ये थॉमस लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लडप्रेशर मोजतात तसा पट्टा हाताला बांधून हेच तपासलं होतं, दाबलेल्या जागीच नसेचा तेवढा तुकडा रक्ताविना उपाशी राहतो आणि म्हणून त्याच्या खालचा भाग बधीर होतो.

नसेतला निरोप हा विजेसारखा सिग्नल असतो आणि तो तयार ठेवायला नसेला सतत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत असं पंपिंग करावं लागतं, त्या पंपाला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन तुटला की सिग्नल थांबतो. पण सगळे धागे एकदम बंद पडत नाहीत, आधी जातात ते जाडे, वेगवान धागे, जे स्पर्श सांगतात आणि पाय आत्ता कुठल्या अंशात वळलाय हे सांगतात, दुखणं सांगणारे बारीक धागे सगळ्यात शेवटी जातात. म्हणून झोपलेल्या पायाला चिमटा काढला तर कळतो पण मोजा घातलाय की नाही ते कळत नाही.

दाब सुटला की नस लगेच शहाण्यासारखी वागत नाही. रक्त परत येतं आणि अर्धवट जागे झालेले धागे कोणी स्पर्श केलेला नसताना आपणहून सिग्नल सोडायला लागतात, हजारो ठिकाणांहून, कसलाच क्रम नसलेले, आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो की कातडीवर काहीतरी चालतंय. म्हणजे जोराच्या मुंग्या ही नस परत येत असल्याची खूण आहे. पूर्ण बधीर भागात मुंग्या सुरू झाल्या तर घाबरायचं कारण नाही, उलट बरं वाटून घ्या.

आत्ता पाय झोपलाय, काय करू?

लगेच उभं राहू नका. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. माझी ताई पाय मुडपून तासभर बसली होती, फोन वाजला म्हणून उठली, पहिलंच पाऊल टाकलं ते तळव्यावर न पडता पायाच्या बाहेरच्या कडेवर पडलं आणि तिला ते कळलंच नाही, कारण पाय कसा वळलाय हे सांगणारे धागेच बंद होते. पायाचं बाहेरचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. फोन कुणाचा होता तेही तिला आठवत नाही.

तर आधी पोझिशन बदला म्हणजे दाब सुटेल. बसूनच पाय सरळ करा, बोटं वर-खाली हलवा, घोटा गोल फिरवा, सुरुवातीला पाय ऐकत नाही पण हलवत राहा, हाताने हलवलात तरी चालेल. मुंग्या अगदी असह्य होतात तेव्हा पाय घट्ट धरून ठेवावासा वाटतो, थोडा वेळ धरा, काही बिघडत नाही. मग पाय जमिनीवर टेकवा आणि डोळे मिटून विचारा, माझा अंगठा आत्ता वर आहे की खाली? डोळे उघडून बघा. उत्तर बरोबर आलं की कशाला तरी धरून उभं राहायचं, दोन्ही पायांवर वजन घ्यायचं आणि मगच चालायचं.

गरम पाण्याची पिशवी, शेक, कडक पाणी, यातलं काही नाही. बधीर कातडीला चटका कळत नाही, भाजून फोड आल्यावर कळतं. हलकं चोळायला हरकत नाही, पण मालिशने नस लवकर जागी होते असं काही नाही, दाब सुटणं हेच औषध.

काही मिनिटांत सगळं पूर्ववत व्हायला हवं. अर्धा तास झाला तरी तळवा बधीर आहे किंवा घोटा वर उचलता येत नाहीये, तर तो "पाय झोपला" या सदरातला प्रकार राहिला नाही, डॉक्टरला दाखवा.

पेन घ्या आणि रेघ मारा

वारंवार होत असेल तर हे कराच. बधिरता चालू असताना, गेल्यावर नाही, कापसाचा बोळा किंवा टिश्यूचं टोक घ्या आणि ठीक असलेल्या भागाकडून बधीर भागाकडे हलकेच ओढत न्या, जिथे स्पर्श बदलतो तिथे बॉलपेनने ठिपका. चार-पाच बाजूंनी करा, ठिपके जोडा, फोटो काढा. सोबत लिहा, किती वाजता, त्याआधी कसे झोपलात किंवा बसलात, किती मिनिटांत गेलं, हातातून वस्तू पडली का.

माझी रेघ करंगळीभोवती फिरून अनामिकेवर आली आणि बोटाच्या मधोमध सरळ खाली उतरली. अनामिकेची करंगळीकडची बाजू बधीर, मधल्या बोटाकडची बाजू ठणठणीत. एका बोटाची दोन राज्यं. रात्री दिव्याखाली ते बघताना अंगावर काटा आला, आणि डॉक्टर फोटो बघून लगेच म्हणाले कोपर. कारण अनामिकेच्या त्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या नसांकडे असतात, करंगळीकडची बाजू अल्नार नसेकडे, आणि ती नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, तीच ती जागा जिथे कोपर आपटला की करंट बसतो. मी कोपर पूर्ण दुमडून, हात गालाखाली घेऊन झोपायचो. दुमडलेल्या कोपरात ही नस ताणलीही जाते आणि दाबलीही जाते.

आता तुमची रेघ कुठे आहे ते बघा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, करंगळी मात्र मोकळी, तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दबलीय, म्हणजे कार्पल टनल. हे लोक रात्री उठून हात झटकतात, थर्मामीटर झटकतात तसे, आणि झटकल्यावर बरं वाटतं, ही इतकी ठळक खूण आहे की डॉक्टर मुद्दाम विचारतात. गाडी चालवताना, फोन धरून वाचताना येतं, गरोदरपणात, थायरॉईड कमी असताना, शुगर असताना जास्त दिसतं. घरी एक टेस्ट करता येते, दोन्ही हातांचे पंजे मागच्या बाजूने एकमेकांना टेकवा, बोटं खाली, मनगटं काटकोनात, आणि साठ सेकंद तसंच धरा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय पक्का होतो, नाही आल्या म्हणून कार्पल टनल नाहीच असं मात्र नाही.

हाताची मागची बाजू, अंगठ्याच्या मुळाशी बधीर आणि मनगट वर उचलताच येत नाही, पंजा लोंबकळतोय, तर दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस दबली. दारू किंवा झोपेच्या गोळीच्या अमलाखाली खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्यांना हे होतं. एरवी झोपेत नस कुरकुरली की आपण आपोआप कूस बदलतो, नशेत ती कूस बदललीच जात नाही आणि दाब तासन् तास राहतो. बहुतेक वेळा बरं होतं, पण आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात.

पावलाच्या वरच्या बाजूवर बधिरता आणि चालताना पंजा घासतोय, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागतं त्या हाडाच्या गाठीखालची पेरोनियल नस. पायावर पाय टाकून बसण्याची सवय, खूप वेळ उकिडवं बसणं, झपाट्याने वजन उतरणं, ही नेहमीची कारणं. टाचांवर चालून बघा, जमत नसेल तर दाखवा.

मांडीच्या फक्त बाहेरच्या बाजूला, तळहाताएवढ्या पट्ट्यात जळजळ आणि बधिरता, पण ताकद पूर्ण शाबूत, तर कंबरेशी चिमटलेली एक नुसत्या स्पर्शाची नस असते. घट्ट पट्टा, घट्ट जीन्स, पोटाचा घेर वाढणं. पट्टा सैल करणे हाच पहिला उपाय, आणि खूप जणांना तेवढाच पुरतो.

कमोडवर फोन घेऊन अर्धा तास बसलात की दोन्ही पाय झोपतात, तिथे सीटची कडा मांडीमागच्या सायटिक नसेवर रुततेय. मागच्या खिशातलं जाडं पाकीटही हेच करतं, एकाच बाजूला.

मान आणि कंबर यांची गोष्ट वेगळी, तिथे नस मुळाशीच दबते. मान वळवली की खांद्यापासून बोटापर्यंत करंट जातो, हात डोक्यावर ठेवला की हलकं वाटतं, हे मानेचं लक्षण. खोकला, शिंक आली की कंबरेतून पायात चमक उतरते, हे कंबरेचं. पायाचा अंगठा बधीर तर बहुधा कंबरेतली पाचवी (लंबर) नस, करंगळी आणि तळव्याची बाहेरची कड तर तिच्या खालची पहिली सेक्रल, यात चवड्यांवर उभं राहणं जड जातं.

आणि एक प्रकार आहे तो फार घाबरवतो, दोन्ही हात आणि ओठांभोवती एकदम मुंग्या, बोटं आखडतात, छाती धडधडते. भीतीमुळे श्वास भराभर चालतो, शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नसा चटकन पेटतात. श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्यायचा. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका, त्रास हार्टचा किंवा फुप्फुसाचा निघाला तर ते घातक ठरू शकतं.

दाब काढायचा म्हणजे रोज काय करायचं

कोपर असेल तर रात्री टॉवेलची गुंडाळी कोपराभोवती सैल बांधा, कोपर पूर्ण दुमडणार नाही एवढीच, पट्टा आवळायचा नाही. मी तेच केलं, पहिले तीन दिवस झोपेत काढून टाकायचो मग सवय झाली. दिवसा खुर्चीच्या हातावर, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवणं बंद, फोन लांब बोलायचा असेल तर स्पीकर किंवा इअरफोन.

कार्पल टनल असेल तर मेडिकलमध्ये मनगटाचा स्प्लिंट मिळतो, त्यात मनगट सरळ राहायला हवं, वर वाकलेलं नको, काही स्प्लिंट वर वाकवणारे असतात ते तपासून घ्या. रोज रात्री, किमान सहा आठवडे. दोन रात्री घालून "काही फरक नाही" म्हणून टाकून देणारे खूप बघितलेत.

बसण्याचं म्हणाल तर चांगली पोझिशन शोधत बसण्यापेक्षा पोझिशन बदलत राहणं जास्त कामाचं आहे, कुठलीच पोझिशन दोन तास चांगली नसते. अर्ध्या तासाने हला.

दोन्ही तळपाय एकसारखे बधीर असतील तर

इथे दाब नसतो, इथे नसाच आतून आजारी पडतात. सुरुवात पायाच्या बोटांपासून, दोन्हीकडे सारखी, कारण सगळ्यात लांब नसा तिथपर्यंतच्या असतात आणि त्यांची टोकं आधी झिजतात. मग मोजे चढवल्यासारखी बधिरता वर सरकते आणि गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हातांच्या बोटांची टोकंही सुरू होतात. सगळ्यात मोठं कारण डायबिटीस, त्यानंतर बी१२ ची कमतरता, दारू, थायरॉईड, किडनीचे आजार, काही औषधं, त्यात कॅन्सरची काही आणि टीबीची आयसोनियाझिड.

बी१२ बद्दल थोडं. वनस्पतीजन्य अन्नात ते जवळपास नसतंच, आणि यकृतात त्याचा साठा काही वर्षांचा असतो, म्हणून आहार बदलल्यावर त्रास लगेच दिसत नाही, फार उशिरा दिसतो. शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तरी ते कमी होऊ शकतं. पण गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त तपासा, मी उलटं केलं आणि मग माझा रिपोर्ट कशामुळे नॉर्मल आला हे कळायला मार्ग उरला नाही. आणि मनाने घेतलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर बी६ किती आहे ते वाचा, जास्त डोस खूप दिवस घेतला तर बी६ स्वतःच नसा बधीर करतं.

डायबिटीस असेल आणि तळवे बधीर असतील तर रोज रात्री आरसा धरून दोन्ही तळवे बघा, बूट घालण्याआधी हात घालून खडा वगैरे तपासा, पाण्याचा अंदाज पायाने नाही, कोपराने घ्या. न दुखणारी जखम हीच सगळ्यात धोक्याची, कारण ती कोणी बघत नाही.

कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तेवढाच भाग बधीर, असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजू नका, औषधांनी पूर्ण बरा होतो आणि लवकर धरला तर नसा वाचतात.

डॉक्टरकडे जाताना

रोज किंवा आठवड्यातून अनेकदा होतंय, वाढत चाललंय, बटणं लावता येत नाहीत, वस्तू पडतात, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा चपटा दिसायला लागलाय, तर आता घरगुती प्रयोग थांबवा. रेघेचा फोटो, वेळांची नोंद आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. साधारण शुगर, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), बी१२, टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) या रक्ततपासण्या होतात आणि गरज असेल तर नर्व्ह कंडक्शन स्टडी, त्यात छोटे करंट देऊन नसेचा वेग मोजतात, निरोगी हातात तो सेकंदाला पन्नास मीटरच्या वर असतो आणि दबलेल्या जागी मंदावतो. टोचल्यासारखं होतं, सहन होतं. एमआरआय सगळ्यांना लागत नाही, आपणहून काढून नेऊ नका.

बरं व्हायला किती वेळ, तर नस नुसती दबून थकली असेल तर दिवस ते आठवडे. आतला धागाच तुटला असेल तर तो परत वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटरने, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत चाळीस सेंटिमीटर धरले तरी वर्षापेक्षा जास्त. मांसपेशी तेवढा काळ वाट बघत नाहीत, म्हणून ताकद कमी झाली असेल तर उशीर नको.

माझी नस थकलेलीच होती. टॉवेल बांधायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात रात्रीची जाग बंद झाली, पण करंगळीचं टोक दिवसभर कापूस गुंडाळल्यासारखं राहायचं. मी दर रविवारी रेघ मारायचो, ती कधी आत सरकायची, कधी आठवडाभर तिथेच. सहाव्या आठवड्यात एका सकाळी शर्टाचं बटण लावताना ते करंगळीला लागलं आणि गार लागलं.